हिपॅटायटिस-बीचे दीर्घकालीन उपचार : हाडांनी चुकवलेली किंमत



औषधाच्या किमतीची चर्चा निघाली की वेष्टनावर छापलेली रक्कमच बहुधा डोळ्यांसमोर येते. बारा आठवड्यांत संपणाऱ्या उपचारासाठी हा हिशेब बऱ्यापैकी पुरतो. परंतु जी गोळी वीस-तीस वर्षे, कदाचित आयुष्यभर, रोज घ्यावयाची असते, तिच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. हिपॅटायटिस-बी, म्हणजे लसीकरणाच्या कार्डावर 'कावीळ ब' या नावाने नोंदला जाणारा आजार, हे याचे ठळक उदाहरण होय. या आजारावरील दोन विषाणूरोधक औषधे यकृत वाचवतात; मात्र थोड्या रुग्णांत अनेक वर्षांच्या सेवनानंतर हाडे मऊ पाडतात. हा दुष्परिणाम दुर्मीळ आहे. वेळीच लक्षात आला तर बहुतांशी दुरुस्तही होतो. तरीही जपान, चीन आणि कोरियातील वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी एकामागून एक प्रसिद्ध होत राहिल्या आणि त्यांतील अनेकांना योग्य निदान मिळण्यास दीर्घ काळ लागला. असे का घडले, याचे उत्तर अर्धे वैद्यकशास्त्रात आहे. उरलेले अर्धे औषधांच्या किमतीत, विम्याच्या नियमांत आणि जोखीम कोणाच्या माथी टाकली जाते यात आहे. या व्याख्यानाचा भर त्या दुसऱ्या अर्ध्या भागावर आहे.

आयुष्यभराची गोळी

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या हिपॅटायटिस अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 25.4 कोटी लोक हिपॅटायटिस-बीच्या जुनाट संसर्गासह जगत होते. या विषाणूमुळे त्या एका वर्षात सुमारे 11 लाख मृत्यू झाले. त्यांपैकी बहुतेक मृत्यूंमागे सिऱ्हॉसिस म्हणजे यकृत घट्ट व निकामी होणे आणि यकृताचा कर्करोग ही दोन कारणे होती. भारतातील बाधितांची संख्या या अहवालात सुमारे 2.98 कोटी दिली असून चीननंतर हा दुसरा क्रमांक आहे. जगातील बाधितांपैकी जेमतेम 13 टक्के लोकांचे निदान झाले होते आणि औषध मिळालेल्यांचे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास होते. अर्थात आजची मोठी अडचण औषध अति घेतल्याची नसून औषध न मिळाल्याची आहे. पुढील सर्व विवेचन वाचताना हे प्रमाण नजरेआड होता कामा नये.

हिपॅटायटिस-सी आणि हिपॅटायटिस-बी यांत अर्थशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. 'सी' विषाणू सुमारे बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुसंख्य रुग्णांत समूळ नाहीसा होतो. 'बी' विषाणू मात्र आपल्या जनुकीय द्रव्याची एक टिकाऊ प्रत यकृतपेशीच्या केंद्रकात ठेवून देतो. उपलब्ध गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. ही प्रत त्यांना पुसता येत नाही. गोळी थांबवली की विषाणू पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता राहते आणि काही रुग्णांत त्यातून यकृताचा तीव्र दाह उद्भवतो. म्हणूनच उपचार एकदा सुरू झाला की तो बहुधा चालूच ठेवावा लागतो. 'सी'वरील खर्च हा एकदाच करावयाच्या गुंतवणुकीसारखा आहे, तर 'बी'वरील खर्च आवर्ती आहे. आवर्ती खर्चात दरवर्षीची किरकोळ बाबही तीस वर्षांत मोठी होते. हे औषधाच्या किमतीला लागू आहे, तसेच औषधाच्या अपायालाही.

मूत्रपिंडातील गळती

ज्या दोन औषधांचा येथे संबंध आहे ती म्हणजे अ‍ॅडेफोव्हिर आणि टेनोफोव्हिर. दोघांचे मूळ एकच. प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली आणि बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाचे एरिक डी क्लर्क यांच्या सहकार्यातून हे रेणू पुढे आले. दोन्ही औषधे शरीरातून बाहेर पडतात ती मूत्रपिंडावाटे.

मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. मधला सगळा द्रव, त्यातील साखर, फॉस्फेट, बायकार्बोनेट, अमिनो आम्ले यांच्यासह, अतिसूक्ष्म मूत्रनलिकांच्या पेशी परत रक्तात ओढून घेतात. या परत ओढण्याच्या कामाला प्रचंड ऊर्जा लागते आणि ती पेशीतील मायटोकॉन्ड्रिया पुरवतात. अ‍ॅडेफोव्हिर व टेनोफोव्हिर रक्तातून नेमके याच पेशींत शिरतात. तेथून त्यांचा निचरा सावकाश झाला तर ती साठतात आणि मायटोकॉन्ड्रियाचे काम बिघडवतात. मग पेशी थकते व गळती सुरू होते. स्विस बालरोगतज्ज्ञ गुइडो फॅन्कोनी यांच्या नावावरून या अवस्थेला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात.

या गळतीत हाडांच्या दृष्टीने घातक ठरते ते फॉस्फेटचे जाणे. शरीरातील सुमारे 85 टक्के फॉस्फरस हाडांत असतो. हाड हे प्रथिनांच्या सांगाड्यावर कॅल्शियम व फॉस्फेटचे क्षार बसून तयार होते आणि आयुष्यभर त्याची थोडी थोडी पुनर्बांधणी चालू असते. रक्तातील फॉस्फेट कमी पडले की नवा सांगाडा उभा राहतो, पण त्यावर क्षार बसत नाहीत. स्लॅबच्या सळया बांधून व्हाव्यात आणि काँक्रीट मात्र पडू नये, तशी ही स्थिती असते. हिलाच अस्थिमृदुता म्हणतात. लहान मुलांत हाच दोष मुडदुसाच्या रूपाने दिसतो. वृद्धापकाळी हाडे विरळ व ठिसूळ होतात तो विकार वेगळा. त्यात सांगाडा आणि क्षार दोन्ही घटतात. परीक्षार्थींनी या दोहोंतील भेद नीट ध्यानात ठेवावा, कारण उपचार चुकतो तो येथेच. हाडांच्या विरळपणावर दिली जाणारी काही औषधे अस्थिमृदुतेत उपयोगी तर पडत नाहीतच, उलट अपाय करू शकतात.

निदान का हुकते

रुग्णाची तक्रार साधी असते. टाच, घोटा, बरगडी, कंबर दुखते. काही महिन्यांनी जिना चढणे अवघड होते, चाल डुलती होते, कधी किरकोळ धक्क्यानेही हाडाला चीर जाते. तो अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो आणि यकृताची गोळी पाच वर्षांपासून चालू आहे हे सांगण्याचे त्याला कारणही वाटत नाही. संधिवात, मणक्याचा विकार, वयोमान अशी निदाने होतात. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आढळते. मऊ पडलेल्या हाडांची ही महत्त्वाची खूण आहे. परंतु हेच द्रव्य यकृताच्या विकारातही वाढते. त्यामुळे यकृताच्या रुग्णात या वाढीचा दोष यकृतालाच दिला जातो. यकृताच्या कर्करोगावर उपचार झालेल्या रुग्णात तर हाडांच्या स्कॅनवर दिसणारे ठिपके कर्करोग पसरल्याचे लक्षण समजले गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. दुखण्याचे कारण औषध होते, पण घरच्यांना सांगितले गेले कर्करोग पसरल्याचे. अशा चुकीची किंमत कोणत्याही खर्चपत्रकात येत नाही.

भारतीय रुग्णाबाबत आणखी एक पडदा आहे. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे इतकी व्यापक आहे की हाडे दुखण्याच्या तक्रारीवर कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन प्रकरण मिटवण्याची सवयच जडली आहे. त्याने थोडा आराम पडतो आणि खरे कारण आणखी काही महिने झाकले जाते.

वास्तविक सुगावा स्वस्तात लागतो. रक्तातील फॉस्फेट प्रौढ व्यक्तीत साधारणपणे 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. ते सातत्याने खाली गेले तर संशय घ्यावा. रक्तातील साखर नेहमीइतकी असताना लघवीत मात्र साखर उतरते, ही तर जवळजवळ बोलकी खूण. मूत्रपिंडाची नेहमीची चाचणी म्हणजे क्रिएटिनिन. परंतु गाळण्याचे काम ठीक चालू असून परत ओढण्याचे काम बिघडलेले असू शकते आणि तेव्हा क्रिएटिनिन बराच काळ निर्दोष दिसते. म्हणजे जी चाचणी होते ती उशिरा बोलते आणि जी लवकर बोलते ती सहसा सांगितली जात नाही.

एका निवडीने बांधलेली पुढची वाट

हिपॅटायटिस-बीवरील पहिली प्रभावी गोळी लॅमिव्ह्युडिन. अमेरिकेत तिला 1998 मध्ये मान्यता मिळाली. ती सुरक्षित होती, पुढे स्वस्तही झाली. परंतु विषाणू तिला लवकर सरावला. पाच वर्षांच्या सेवनानंतर सुमारे 70 टक्के रुग्णांत विषाणूने प्रतिरोध मिळवलेला दिसू लागला. या कोंडीतून वाट काढण्यासाठी अ‍ॅडेफोव्हिर पुढे आले.

अ‍ॅडेफोव्हिरचा पूर्वेतिहास निष्कलंक नव्हता. एचआयव्हीवरील औषध म्हणून ते दिवसाला 60 मिलिग्रॅम व त्याहून अधिक मात्रेत अजमावले गेले होते. मूत्रपिंडावरील परिणामांमुळे 1999 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने त्याविरुद्ध कौल दिला आणि तो प्रयत्न सोडण्यात आला. हिपॅटायटिस-बीसाठी 10 मिलिग्रॅमची लहान मात्रा पुरेशी ठरली. 48 आठवड्यांच्या प्रमुख चाचण्यांत मूत्रपिंडे सुस्थितीत राहिली आणि 2002 मध्ये मान्यता मिळाली. चाचणी 48 आठवड्यांची आणि सेवन अनेक वर्षांचे, हे अंतर येथे निर्णायक आहे. चाचण्या फसव्या होत्या असे नव्हे. जो अपाय तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर दिसतो, तो पहिल्या वर्षात मोजताच येत नाही. नवे औषध बाजारात येते तेव्हा त्याच्या दीर्घकालीन सुरक्षिततेविषयीची माहिती अजून तयारच झालेली नसते. ती पुढे रुग्णांच्या शरीरांवरून गोळा होते. म्हणून बाजारात आल्यानंतरच्या पाहणीला औषध-दक्षतेचे शास्त्र इतके महत्त्व देते.

जपानमधील घटनाक्रम पाहण्यासारखा आहे. तेथे 2000 पासून लॅमिव्ह्युडिन, 2004 पासून अ‍ॅडेफोव्हिर आणि 2006 पासून एन्टेकाव्हिर हिपॅटायटिस-बीसाठी उपलब्ध झाले. एन्टेकाव्हिर मूत्रपिंड व हाडांच्या दृष्टीने निर्धोक आणि प्रतिरोधही क्वचित. पण एक अट होती : रुग्णाने आधी लॅमिव्ह्युडिन घेऊन प्रतिरोध ओढवून घेतलेला नसावा. ज्यांनी ओढवून घेतला होता त्यांच्यात एन्टेकाव्हिरचाही प्रभाव हळूहळू ओसरतो. अशा रुग्णांना टेनोफोव्हिर हा चांगला पर्याय असता, परंतु जपानमध्ये हिपॅटायटिस-बीसाठी त्याला मान्यता मिळाली ती 2014 मध्ये. मधल्या दशकात लॅमिव्ह्युडिनच्या जोडीला अ‍ॅडेफोव्हिर हाच त्यांचा मुख्य आधार राहिला. आरंभीची एक निवड पुढच्या निवडी कशा बांधून टाकते, याला अर्थशास्त्रात पथ-अवलंबित्व म्हणतात. पाठ्यपुस्तकांत त्यासाठी टंकयंत्राच्या कळफलकाचे उदाहरण दिले जाते. हे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. शिवाय गोळीची मात्रा सर्वांना सारखी. 45 किलो वजनाच्या वृद्ध स्त्रीलाही तेच 10 मिलिग्रॅम आणि 75 किलोच्या तरुणालाही तेच. अस्थिमृदुतेचे रुग्ण वयस्क व कमी वजनाच्या व्यक्तींत अधिक आढळले, यात आश्चर्य नाही.

चीनमध्ये वाट वेगळी होती. अ‍ॅडेफोव्हिरला तेथे 2005 मध्ये मान्यता मिळाली, देशी कंपन्यांनी ते बनवले आणि ते स्वस्त राहिले. एन्टेकाव्हिर मात्र त्याच्या कित्येक पटींनी महाग होते. स्वतःच्या खिशातून दरमहा पैसे मोजणारा रुग्ण या दोहोंत काय निवडणार हे उघड आहे. डॉक्टरही त्याला तेच सुचवीत, कारण महाग औषध अर्ध्यावर सोडून देण्यापेक्षा स्वस्त औषध नियमित घेतलेले बरे. हा निर्णय त्या परिस्थितीत अविवेकी नव्हता. पुढे 2018 च्या डिसेंबरमध्ये चीन सरकारने चार महानगरे आणि सात शहरे मिळून एकत्रित औषधखरेदीची योजना राबवली. हमखास मोठ्या मागणीच्या बदल्यात सर्वांत कमी बोली लावणाऱ्यास कंत्राट, असे तिचे स्वरूप होते. एन्टेकाव्हिर आणि टेनोफोव्हिर या दोन्हींच्या एका गोळीचा दर एका युआनच्याही खाली आला. किमतीचा अडसर दूर होताच अ‍ॅडेफोव्हिर वापरण्याचे कारणच उरले नाही. हाडांचा हा प्रश्न सोडवण्यात नव्या संशोधनाइतकाच निविदेचाही वाटा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

टेनोफोव्हिर आणि पेटंट

टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल हे अ‍ॅडेफोव्हिरपेक्षा अधिक प्रभावी आणि मूत्रपिंडाच्या बाबतीत अधिक सुरक्षित मानले जाते. फॅन्कोनी सिंड्रोम व अस्थिमृदुता त्यातही आढळते, पण क्वचित. एचआयव्हीसाठी 2001 मध्ये आणि हिपॅटायटिस-बीसाठी 2008 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भारतात 2005 च्या पेटंट सुधारणा कायद्यानंतर या औषधाच्या अर्जांवर रुग्णसंघटना व देशी उत्पादकांनी हरकती घेतल्या आणि 2009 मध्ये पेटंट कार्यालयाने ते अर्ज फेटाळले. स्पर्धा खुली राहिल्याने किंमत उतरली. जगातील गरीब देशांना परवडणारे टेनोफोव्हिर मोठ्या प्रमाणावर भारतीय कारखान्यांतून जाते, त्याची पाळेमुळे या निर्णयातही आहेत.

याच औषधाचे पुढचे रूप म्हणजे टेनोफोव्हिर अ‍ॅलाफेनामाइड. 300 मिलिग्रॅमऐवजी 25 मिलिग्रॅम पुरतात, कारण औषध यकृतपेशीत पोचेपर्यंत रक्तात फारसे उलगडत नाही. रक्तातील टेनोफोव्हिर त्यामुळे सुमारे 90 टक्क्यांनी कमी राहते आणि मूत्रपिंड व हाडांवरील भार घटतो. अमेरिकेत ते 2016 मध्ये हिपॅटायटिस-बीसाठी मान्य झाले आणि 2017 पासून भारतीय कंपन्यांची जेनेरिक उत्पादने येथे आली.

या सुरक्षित रूपाच्या संशोधनाची कथा वादग्रस्त आहे. गिलियड या कंपनीने 2004 मध्ये त्यावरील काम थांबवले आणि काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले. जुन्या औषधाच्या पेटंटचा काळ पुरता वसूल व्हावा म्हणून हे केले, असा आरोप कॅलिफोर्नियातील हजारो रुग्णांनी, प्रामुख्याने एचआयव्हीबाधितांनी, मूत्रपिंड व हाडांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत केला आहे. नवे रूप जुन्यापेक्षा पुरेसे वेगळे वाटले नाही म्हणून काम थांबवले, असे कंपनीचे म्हणणे. निर्दोष औषध विकणाऱ्या कंपनीवर त्याहून सुरक्षित औषध लवकर आणण्याचे दायित्व असते काय, हा प्रश्न 2024 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयीन बाजू काहीही असो, एक गोष्ट पेटंटव्यवस्थेच्या रचनेतच आहे : नव्या, सुरक्षित उत्पादनाने स्वतःच्याच जुन्या उत्पादनाची विक्री खाल्ली जाणार असेल, तर घाई करण्याचे आर्थिक कारण उत्पादकाजवळ नसते.

नुकसान कोणी सोसावे

एखाद्या औषधाने लाखो लोकांचे यकृत वाचवले आणि काही शेकड्यांची हाडे मऊ केली, तर समाज एकूण फायद्यात राहतो. पण त्या काही शेकड्यांच्या वाट्याला केवळ तोटाच येतो. फायदा पसरलेला आणि तोटा एकवटलेला, अशा स्थितीत विम्याचे तत्त्व सुचते. जपानने ते औषधांना लागू केले आहे. थॅलिडोमाइडमुळे जन्मतः व्यंग आलेली बालके आणि क्लिओक्विनॉल या पोटाच्या औषधामुळे मज्जातंतू निकामी झालेले हजारो रुग्ण, या दोन शोकांतिकांनंतर जपानी संसदेने 1979 मध्ये दुष्परिणामग्रस्तांच्या साहाय्यासाठी कायदा केला. औषध योग्य रीतीने वापरूनही गंभीर अपाय झाला तर उपचारखर्च, अपंगत्व निवृत्तिवेतन किंवा वारसांना वेतन देण्यात येते. दोष कोणाचा हे सिद्ध करावे लागत नाही. पैसा औषध कंपन्यांच्या वर्गणीतून येतो आणि ज्या कंपनीच्या औषधाने अपाय झाला तिला अधिक वर्गणी भरावी लागते. कर्करोगावरील औषधांसारखे काही गट या योजनेतून वगळले आहेत.

हिपॅटायटिस-बीबाबत जपानी शासनाची जबाबदारी आणखी एका कारणाने मोठी आहे. 1948 ते 1988 या काळात सामूहिक लसीकरणात सुया व सिरिंजा एकापेक्षा अधिक मुलांना वापरल्या गेल्याने अनेकांना हा संसर्ग झाला. 2006 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने शासनाची जबाबदारी मान्य केली, 2011 मध्ये वादी आणि शासन यांच्यात करार झाला आणि 2012 पासून भरपाईचा विशेष कायदा अमलात आला. दरम्यान 2010 पासून या गोळ्यांच्या खर्चावर रुग्णाने भरावयाच्या मासिक रकमेची मर्यादाही ठरवून देण्यात आली.

भारतात चिकित्सालयीन चाचण्यांत सहभागी झालेल्यांसाठी 2019 च्या नियमांत भरपाईची तरतूद आहे. बाजारातील मान्य औषधाच्या दुष्परिणामासाठी मात्र जपानसारखा दोषनिरपेक्ष निधी नाही. रुग्णापुढे ग्राहक मंच किंवा दिवाणी न्यायालय हा मार्ग राहतो आणि तेथे कोणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो. डॉक्टरने योग्य औषध दिले, कारखान्याने ते योग्य बनवले आणि तरीही हाडे मऊ पडली, तर निष्काळजीपणा दाखवणार कोणाचा?

भारतातील कार्यक्रम आणि तपासणीचा हिशेब

28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 'बी' विषाणूचा शोध लावणारे नोबेल विजेते बारूक ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस आणि म्हणूनच जागतिक हिपॅटायटिस दिनही. या कार्यक्रमात 'बी' आणि 'सी' दोन्हींसाठी तपासण्या व औषधे मोफत देण्यात येतात; 'बी'साठी प्रामुख्याने टेनोफोव्हिर व एन्टेकाव्हिर. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2024 मध्ये उपचाराचे निकष सैल केले. पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक बाधित आता औषधास पात्र ठरतात. पहिल्या पसंतीच्या औषधांत टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल कायम ठेवले असून मूत्रपिंड वा हाडे आधीच दुबळी असतील तर एन्टेकाव्हिर किंवा अ‍ॅलाफेनामाइड रूप सुचवले आहे. औषध घेणाऱ्यांची संख्या वाढणार हे स्पष्ट आहे, आणि ती वाढलीच पाहिजे. संख्या वाढली की दुर्मीळ दुष्परिणामाचे रुग्णही वाढतील.

केवळ हिशेबापुरते काही आकडे गृहीत धरू. दहा लाख लोक ही गोळी घेत आहेत आणि त्यांतील दर हजारी एकाच्या मूत्रनलिकांत वर्षाकाठी गळती सुरू होते. म्हणजे वर्षाला एक हजार रुग्ण. फॉस्फेट व लघवीची तपासणी दरवेळी 50 रुपयांत होते आणि ती वर्षातून दोनदा केली, तर खर्च दहा कोटी रुपये. एका रुग्णाचे निदान वेळेत होण्यासाठी एक लाख रुपये. हा आकडा ऐकताच कोणी म्हणेल, परवडत नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे : चुकलेल्या निदानापायी झालेले स्कॅन, मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया, वर्षभराची बुडालेली मजुरी, आणि भीतीपोटी यकृताची गोळी सोडून देणारे शेजारीपाजारी. शिवाय तपासणी सर्वांची सारखी करण्याचे कारण नाही. साठीपुढील, कमी वजनाच्या, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांवर भर दिला तर त्याच पैशात अधिक रुग्ण सापडतात. गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी आरोग्यसेविकेकडे लघवीतील साखर व प्रथिने दाखवणारी पट्टी असतेच. ती परिपूर्ण नाही. परंतु मधुमेह नसलेल्या माणसाच्या लघवीत साखर दाखवण्याइतकी ती नक्कीच पुरेशी आहे.

खर्च कोणत्या खात्यातून होतो हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के खर्च कुटुंबांनी थेट खिशातून केला. 2013-14 मध्ये हे प्रमाण 64.2 टक्के होते, म्हणजे सुधारणा मोठी आहे. परंतु आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे पाच लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याशी जोडलेले आहे. फॉस्फेटची तपासणी बाह्यरुग्ण विभागात होते. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया दाखल होऊन. स्वस्त प्रतिबंध रुग्णाच्या खिशातून आणि महाग दुरुस्ती विम्यातून, अशी ही उलटी रचना आहे. हिपॅटायटिस कार्यक्रमाने ही तपासणी आपल्या मोफत यादीत ठामपणे घेतली तर ती बऱ्याच अंशी सुलटी होईल.

दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी 2010 मध्ये भारतीय औषध-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. 2011 पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत नोंदणी केंद्रे आहेत, रुग्णाला स्वतः भरता येईल असा अर्ज मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे आणि 1800-180-3024 हा निःशुल्क दूरध्वनीही आहे. अंगावर पुरळ उठले, उलटी झाली, तर ही यंत्रणा चांगली चालते, कारण गोळी आणि त्रास यांत काही तासांचेच अंतर असते. पाच वर्षांनी दुखू लागलेल्या घोट्याची नोंद मात्र कोण करणार? यकृततज्ज्ञाला घोटा दिसत नाही, अस्थिरोगतज्ज्ञाला गोळी दिसत नाही. हिपॅटायटिस केंद्रातून मिळणाऱ्या उपचारपत्रिकेवर 'हाडे दुखल्यास ही पत्रिका दाखवा आणि फॉस्फेट तपासून घ्या' एवढी एक ओळ स्थानिक भाषेत छापली तर हे दोन डॉक्टर एकमेकांना न भेटताही जोडले जातील. छपाईचा खर्च काही पैशांचा.

ज्यांचे निदान होते त्यांच्यासाठी उपाय अवघड नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अपायकारक औषधाच्या जागी दुसरे औषध देण्यात येते. स्वतःहून गोळी बंद करणे धोक्याचे, कारण यकृताचा दाह उसळू शकतो. पूर्वी लॅमिव्ह्युडिन घेतले नसेल तर एन्टेकाव्हिर चालते आणि ते कार्यक्रमाच्या त्याच औषधसाठ्यात असते. जोडीला फॉस्फेटची पूरक मात्रा व ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप दिले जाते. रक्तातील फॉस्फेट त्यानंतर सावरू लागते, वेदना काही महिन्यांत ओसरतात आणि हाडांत क्षार पुन्हा बसू लागतात. मूत्रपिंडाची हानी मात्र काहींत पूर्णपणे भरून येत नाही, आणि ती किती उरते हे बरेचसे निदानास किती उशीर झाला यावर अवलंबून असते.